दोरीचे शेवटचे कडे

दाराशी आलेल्याला जो मनुष्य उघडपणे 'नाही' म्हणतो, तो घटकाभर निष्ठुर होतो आणि त्या निष्ठुरतेचे ओझे स्वतःच वाहतो. परंतु ज्याला नकार तर द्यायचा आहे आणि आपले चांगुलपणही अखंड राखायचे आहे, तो एखादा नियम शोधून काढतो आणि नकार त्या नियमाच्या मुखातून वदवतो. मग ते ओझे कोणीच उचलत नाही. ते उताराने वाहत जाते आणि सर्वांत दुबळ्याच्या घरात जाऊन साठते. तेथे ते मायेचे रूप धारण करून राहू लागते. खारी गावच्या गोदूबाईच्या घरात ते कसे शिरले, एवढेच येथे सांगायचे आहे.

भाईंदर पूर्वेला खारी गाव अजून आहे. पण ते शोधावे लागते. चहूबाजूंनी इमारती उभ्या राहिल्या आणि मध्ये कौलारू घरांच्या चार आळ्या उरल्या. त्या आळ्यांपासून दहा मिनिटांच्या अंतरावर, एका मोठ्या वसाहतीच्या तळमजल्यावर, सुचेताबाईंची 'अंगण' नावाची बालशाळा होती. सुचेताबाई पूनम सागर या वसाहतीत राहत. मुंबईतल्या शाळेत वीस वर्षे शिकवून त्यांनी ही शाळा काढली होती. पाच वर्षांखालच्या मुलाला भिंतींच्या आत शिकवणे म्हणजे रोप कपाटात ठेवणे होय, असे त्यांचे ठाम मत होते. त्यामुळे 'अंगण'मधला अर्धा दिवस खरोखरच अंगणात जाई. मुले वाळूत हात घालत, चिखलाची भांडी करत, चिंचोके मोजत, पडलेली पाने लहानमोठी लावत. मुंग्यांची रांग कोठून निघते आणि कोठे पोहोचते हे पाहण्यात कधीकधी एक अख्खा तास निघून जाई, आणि सुचेताबाई तो जाऊ देत. त्यांचे हे शिकवणे मनापासूनचे होते, हे प्रथमच सांगितले पाहिजे.

दर शुक्रवारी 'फेरी' असे. त्यासाठी एक जाड सुती दोरी होती आणि तिला हातभर अंतराने रंगीत कापडाची कडी शिवलेली होती. प्रत्येक मुलाचे एक कडे. बाई पुढे, तरुण शिक्षिका रसिका मध्ये आणि गोदूबाई सर्वांच्या मागे, अशी ती माळ रस्त्याने निघाली की दुकानदारसुद्धा गिऱ्हाईक थांबवून पाहत.

गोदूबाई शाळेच्या आरंभापासून, म्हणजे सात वर्षे, तेथे मदतनीस होती. वाळू चाळावी, बादल्या भराव्या, मुलांची नाके पुसावी, कोणाच्या डब्यातली भाजी तिखट आहे हे वासावरून ओळखावे, असे तिचे काम होते. गेल्या जूनमध्ये तिचा नातू साईराज तीन वर्षांचा झाला, तेव्हा सुचेताबाईंनी आपण होऊन म्हटले होते की, त्याला घेऊन या, अंगण सगळ्यांचं असतं. दोरीला बारा कडी होती. तेरावे गोदूबाईने आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाचे शिवले आणि अगदी शेवटी लावले.

आणि साईराज तेथे फुलला. ज्या गोष्टी इतर मुलांना शिकवाव्या लागत त्या तो घरूनच शिकून आला होता. खेकड्याचे बीळ कोणते आणि उंदराचे कोणते हे तो बोट दाखवून सांगे. ओल्या वाळूत पाऊल टाकायला मुले कचरत, तेव्हा तो पुढे होई आणि बाकीची बारा त्याच्यामागून जात. पाचव्या मजल्यावर राहणारा कौस्तुभ तर त्याच्या सावलीसारखा वावरे. घरी आल्यावर साईराज आजोबांना, धाकूबाबांना, रंगांची नावे ऐकवी आणि मिठागरात आयुष्य घालवलेला तो म्हातारा मान डोलावून प्रत्येक रंग पुन्हा विचारी. गोदूबाईचा मुलगा काशीनाथ, साईराजचा बाप, सहावीतून घरी बसला होता, कारण तो तोंड उघडी तेव्हा वर्ग त्याच्या बोलीला हसे. तो आता टेम्पो घेऊन गुजरातच्या खेपा करत असे. नातवाने या इमारतींतल्या मुलांच्या मांडीला मांडी लावून बसावे आणि कोणी हसू नये, एवढेच गोदूबाईचे मागणे होते. याहून मोठे स्वप्न तिने कधी पाहिले नव्हते.

पौष महिन्यात ते मोडायला आरंभ झाला. कौस्तुभची आई मिनल हिने पालकांच्या ग्रुपवर एक निरोप टाकला. 'कौस्तुभ हल्ली घरी "मना भूक न्हाय" म्हणतोय! क्यूट आहे, पण आपण यासाठी पाठवतोय का?' पुढे हसण्याची चित्रे होती. त्याखाली आणखी एकीने आपल्या मुलीचे असेच काही लिहिले. तिसऱ्याने लिहिले की, मिक्स्ड वातावरण चांगलंच असतं, तरी मुलांचं बॅकग्राउंड बघायला हवं ना. साईराजचे नाव कोणी घेतले नाही. सभ्य माणसे नाव घेत नाहीत.

सुचेताबाईंनी तो निरोप अनेकदा वाचला. त्याच सुमारास फेरीच्या वेळी एका मुलीने दोरी सोडली होती आणि एक स्कूटर तिच्या अगदी जवळून गेली होती. दुसऱ्या दिवशी बाईंनी नियम लिहून फळ्यावर लावला. जे मूल फेरीत दोरी सोडील ते बाहेरच्या शाळेसाठी अजून तयार नाही असे समजावे आणि त्याने पुढचे वर्षभर घरी थांबावे. पालकांना तो फार आवडला. सुरक्षिततेविरुद्ध कोण बोलणार?

सोमवारी दुपारी मुले गेल्यावर गोदूबाई खिडकीखालच्या नळावर चिखलाची भांडी धूत बसली होती. आत रसिका आणि सुचेताबाई पाने चिकटवण्याची तयारी करत होत्या. खिडकी उघडी होती.

रसिका म्हणाली, "बाई, गोदूमावशींना सरळ सांगून टाकूया का? मला कसंतरीच वाटतंय."

"काय सांगणार तू? तुमचा नातू तुमच्यासारखा बोलतोय म्हणून नको, असं?" सुचेताबाईंचा स्वर थकलेला होता. "मी आजवर एकाही मुलाला काढलेलं नाही, रसिका. आणि काढणारही नाही. या शुक्रवारची फेरी खारीतून नेऊ. मुलांना जुनी घरं दिसतील, कौलं, कोंबड्या."

रसिका म्हणाली, "त्याच्या घरावरून?"

"स्वतःच्या घरासमोर साडेतीन वर्षांचं पोर दोरी धरून उभं राहील का? तूच सांग. ते धावणारच. त्यात त्याचा दोष नाही आणि आपलाही नाही."

नळाचे पाणी वाहत राहिले. गोदूबाईने एकच वाडगे चार वेळा धुतले.

दुसरी कोणी असती तर आत गेली असती, भांडली असती, निदान रडली असती. गोदूबाईला त्यातले काहीच सुचले नाही. नियम मोडणे तिला ठाऊक नव्हते आणि नियमाशी वाद घालणे तर त्याहून नव्हते. नियमाला पुरे पडणे एवढेच तिला जन्मभर येत आले होते. मिठागराच्या मुकादमाने पाट्या वाढवल्या तेव्हा ती पुरी पडली होती. रेशनच्या रांगेत अंगठा उमटेना तेव्हा बोटे घासघासून ती पुरी पडली होती. तिने मनाशी ठरवले की पोर दोरी सोडणार नाही. चार दिवस हातात होते.

त्याच संध्याकाळी तिने ओट्याच्या खांबाला कपडे वाळवण्याची दोरी बांधली, तिच्या टोकाला चिंधीचे कडे केले आणि ते साईराजच्या मुठीत दिले. धाकूबाबांच्या हाती गुळाचा खडा दिला आणि म्हटले, हाक मारा.

धाकूबाबांनी हाक मारली. "ये बाला, गूल देतो." साईराज हसत धावला. गोदूबाईने त्याच्या बोटांवर लाटण्याचे टोक मारले. फार जोराने नव्हे. पोर चकित झाले. खेळ आहे असे वाटून ते पुन्हा कडे धरून उभे राहिले, पुन्हा हाक आली, पुन्हा धावले, पुन्हा लाटणे. सातव्या वेळी ते जागेवरून हलले नाही. गुळाकडे पाहत राहिले आणि त्याच्या तोंडाला सुटलेले पाणी हनुवटीवर आले.

"पोराला बैल करतंस तू," धाकूबाबा म्हणाले.

"बैल झाला त शालंत जाईल. मानूस र्‍हायला त घरान र्‍हाईल."

धाकूबाबांनी गुळाचा खडा ओट्यावर ठेवला आणि काठी घेऊन ते देवळाकडे निघून गेले. पुढचे तीन दिवस दिवेलागणीच्या वेळी ते घरी थांबले नाहीत. जे आपल्याला थांबवता येत नाही ते पाहायचे तरी नाही, असा त्यांचा स्वभाव होता, आणि पुष्कळ घरांतल्या म्हाताऱ्यांचा असतो.

मंगळवारी गोदूबाईने शेजारणीचे शेळीचे करडू आणले. साईराजला ते जिवापलीकडे आवडे. करडू त्याच्या पायाशी आले, त्याचे गुडघे चाटू लागले. त्याने कडे सोडले नाही. गोदूबाईने त्याला जवळ घेऊन पापा घेतला आणि गूळ दिला. त्याच्या बोटांवर लाल रेघा उठल्या होत्या. त्यांना तिने खोबरेल तेल लावले. तिचे हे तेल लावणेही खोटे नव्हते. अशा वेळी माणसाचा एक हात दुसऱ्या हाताला ओळखेनासा होतो.

साईराजची आई स्वप्नाली खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात पाकिटे भरण्याचे काम करी आणि रात्री आठला घरी येई, तोवर पोर बहुधा जेवून झोपलेले असे. गोदूबाईने पोराला बजावले होते की, आयला सांगलास त बाय शालंशी काढंल. साडेतीन वर्षांच्या त्या जिवाने पोटात गुपित ठेवायला शिकण्यासही त्याच आठवड्यात आरंभ केला.

बुधवारी गोदूबाईला एका गोष्टीचे भय वाटू लागले. गूळ झाला, करडू झाले. पण शुक्रवारी घरासमोर त्याला आईची आठवण झाली तर? म्हणून तिने दोरीवर वाळत असलेली स्वप्नालीची साडी डोक्यावरून घेतली, दाराआड उभी राहिली आणि सुनेच्या बारीक, किंचित लांबवलेल्या स्वरात हाक मारली.

"साई, मी आलंय बघ."

साईराजने कडे टाकले आणि तो धावत जाऊन त्या साडीला बिलगला. तेव्हा गोदूबाईने त्याला मारले, आणि या वेळी मात्र जोराने. तळहातावर, मनगटावर, पुन्हा तळहातावर. पोर लगेच रडले नाही. त्याने साडीकडे पाहिले, मग साडीतल्या तोंडाकडे पाहिले.

"ही आय न्हाय," ते म्हणाले.

"न्हायच. वाटंवर जी हाक मारंल ती आय न्हाय. कलला? आय वाटंवर कदी येत न्हाय." आणि तिने त्याला पुन्हा खांबापाशी उभे केले. त्या संध्याकाळी तिने पाच वेळा हाक मारली. पाचव्या वेळी तो भुईकडे नजर लावून असा उभा राहिला की जणू त्याला कान नव्हतेच. गुरुवारी तर पहिल्याच हाकेला त्याने मान खाली घातली. गोदूबाईला वाटले, आपण जिंकलो. तिच्या छातीवरचा दगड उतरला.

आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे की, पाच वर्षांपर्यंत मुलाचे लाड करावेत, शिस्त मग पाहावी. गोदूबाईने हे वचन ऐकले नव्हते असे नाही. परंतु वचने ज्यांच्या हाती वेळ असतो त्यांच्यासाठी असतात. तिच्या हाती शुक्रवार होता.

शुक्रवारी दहा वाजता दोरी निघाली. कोवळे ऊन होते. मुलांच्या टोप्या पिवळ्या होत्या. साईराज शेवटच्या कड्यावर, त्याच्या मागे गोदूबाई. वसाहतीच्या फाटकातून माळ बाहेर पडली, मोठा रस्ता रसिकाने हात आडवा करून ओलांडला, आणि खारीच्या आळीत पाऊल पडताच मुले हरखून गेली. कोंबड्या होत्या, सुकत घातलेली जाळी होती, एका कौलावर मांजर झोपले होते. वळणावर शेळी बांधलेली दिसली तेव्हा कौस्तुभ कडे टाकून सरळ तिच्याकडे पळाला. रसिकाने त्याला उचलून आणले आणि त्याचे निळे कडे पुन्हा त्याच्या मुठीत दिले. सुचेताबाईंनी मागे वळून पाहिले होते. त्या पुन्हा पुढे पाहून चालू लागल्या आणि कौलांविषयी सांगू लागल्या.

गोदूबाईने हेही पाहिले. तिला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. तिचे सगळे लक्ष पुढच्या वळणाकडे होते. धाकूबाबांना तिने सकाळीच सांगून ठेवले होते की दार लावून आत बसा, खोकूसुद्धा नका.

वळण आले. दार सताड उघडे होते. उंबऱ्यासमोर ताजी रांगोळी होती. ओट्यावर स्टीलच्या ताटात तिळाचे लाडू रचलेले होते. आणि ताटाशेजारी स्वप्नाली उभी होती, संक्रांतीची काळी साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून. तिच्या चेहऱ्यावर असे काही तेज होते की गोदूबाईने ते लग्नानंतर प्रथमच पाहिले.

आदल्या दुपारी सुचेताबाईंनी तिला कारखान्यात फोन केला होता. मुलं तुमचं घर बघायला येतायत, दारात थांबाल का? साईराजला आणि आजींना सांगू नका हां, गंमत करू. एवढ्या मोठ्या बाईंनी आपले घर पाहायला मागितले या आनंदात स्वप्नालीने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती आणि सकाळी नेहमीप्रमाणे कामाला जाते असे दाखवून ती शेजारणीकडे दडून बसली होती आणि गोदूबाई गेल्यावर परतून तिने सासऱ्यांनी लावलेले दार उघडले होते.

सुचेताबाईंनी माळ नेमकी त्या दारासमोर थांबवली.

"मुलांनो, हे कोणाचं घर आहे, ओळखा बरं?"

मुलांनी इकडेतिकडे पाहिले. स्वप्नाली ओट्याच्या कडेला आली.

"साई," तिने हाक मारली. "साई, मी हाय बघ."

साईराजने मान खाली घातली.

ती हसली. लाजला असेल असे तिला वाटले. ती ओट्यावरून उतरली, त्याच्या समोर उकिडवी बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. "ये ना बाला. आय हाय ना तुजी."

पोराने आईकडे पाहिलेच नाही. त्याने मान मागे वळवून आजीकडे पाहिले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण या कथेत जे काही घडायचे ते या क्षणात आहे. गोदूबाईने नुसती मान डोलावली असती, 'जा' एवढे म्हटले असते, तर पोर आईच्या कुशीत शिरले असते. एक वर्ष बुडाले असते. त्याहून अधिक काही बुडाले नसते. समोर सुचेताबाई पाहत होत्या. गोदूबाईच्या मनात त्या वेळी नातू नव्हता, सून नव्हती. मुकादमासमोर पाटी डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या तरुणपणीच्या बाईसारखी ती फक्त पुरी पडत होती. तिने मान हलवली. नाही.

साईराजने कडे दोन्ही हातांनी घट्ट धरले, डोळे मिटले, आणि त्याच्या चड्डीतून पायांवरून पाणी ओघळू लागले. ते बुटांत गेले, रांगोळीपर्यंत गेले. कड्याचे लोंबते टोकही भिजले.

"ई, साईराजनी शू केली!" कौस्तुभ म्हणाला आणि त्याने नाक धरले. त्याने धरले म्हणून दुसऱ्याने धरले, मग तिसऱ्याने. आणि बारा पिवळ्या टोप्या एका सुरात तेच म्हणू लागल्या. ज्याच्यामागून ती मुले ओल्या वाळूत उतरत असत तो हाच, हे त्यांना त्या घटकेला आठवले नाही. मुलांचे मन निर्मळ असते असे आपण म्हणतो. ते आरशासारखे निर्मळ असते, एवढेच त्यात खरे आहे.

"काही हरकत नाही, काही हरकत नाही," सुचेताबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर अतिशय मऊ होता. "गोदूबाई, दोरी भिजतेय बघा."

आणि गोदूबाईने कमरेचे फडके काढून प्रथम दोरी पुसली. मग भुई पुसली. सात वर्षांची सवय तिच्या हातांना होती. पोराकडे वळायचे तिला मग सुचले.

स्वप्नाली त्याला उचलू लागली तेव्हा दोरीही बरोबर उचलली गेली. मूठ उघडेना. "सोर आता," गोदूबाई म्हणाली. "सोर रं बाला, झाला." पण सोर म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्याला चार संध्याकाळी शिकवलेले होते. शेवटी आईने त्याचे एकेक बोट उलगडले. उलगडताना तिला तळहातावरचे काळेनिळे वळ दिसले. त्याला छातीशी धरून ती आत गेली आणि तिने दार लावले. मुलांनी ओट्यावर बसून तिळाचे लाडू खाल्ले. लाडू चांगले झाले होते.

दुपारी सुचेताबाईंनी गोदूबाईला आत बोलावले, खुर्चीवर बसवले आणि स्वतः पाणी दिले.

"त्यानं दोरी सोडली नाही, गोदूबाई. मी डोळ्यांनी पाहिलं. कौतुक आहे त्याचं."

"न्हाय सोरली," गोदूबाई म्हणाली.

"नाहीच सोडली. पण त्याला अजून शू सांगता येत नाही, हे मला आजच कळलं. बाहेर असताना ते फार अवघड होतं हो. आणि मुलं चिडवणार त्याला, तुम्ही ऐकलंतच. त्याच्याच भल्यासाठी सांगतेय. वर्षभर घरी राहू दे. लहान आहे तो."

गोदूबाई पेल्यातल्या पाण्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "आनि त्याना सोरली असती त?"

सुचेताबाईंनी टेबलावरची सुकलेली पाने एकावर एक सारखी केली. "मग नियम होताच ना," त्या म्हणाल्या. मग पाने बाजूला सारून म्हणाल्या, "तुम्ही मात्र सोमवारी या. मुलांना तुमच्यावाचून करमत नाही."

गोदूबाई घरी पोहोचली तेव्हा दिवे लागत होते. धाकूबाबा ओट्यावर होते. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. आत स्वप्नालीने पोराला न्हाऊ घालून कोरडे कपडे घातले होते आणि ताटलीत भात कालवला होता. ती त्याला जेवायला बोलावत होती. साईराज भिंतीला पाठ लावून बसला होता. आई हाक मारी आणि तो तिचे तोंड निरखून पाही. मग हळूच, फार सभ्यपणे, एखाद्या परक्याला विचारावे तसे त्याने विचारले, "तू खरी आय हायस, का आजी हायस?"

स्वप्नालीच्या हातातला घास तसाच राहिला. तिने सासूकडे पाहिले. गोदूबाई दारातच उभी होती. तिला सांगता आले असते की, मी हे त्याच्यासाठी केले. ते खरेही होते. पण त्या खऱ्याला त्या घरात ठेवायला जागा नव्हती.

"सोमवारपास्नं मी त्याला कामावर नेईन," स्वप्नाली म्हणाली. "पाकिटांच्या बाजूला बसंल तो. तुमच्यापाशी न्हाय ठेवायचा." एवढेच. ना शिवी, ना शाप. पुढे त्या घरात सासू-सुना एकमेकींशी नीटच बोलत असत, पाहुण्यांसमोर बोलतात तशा.

सोमवारी गोदूबाई शाळेत गेली. तिने वाळू चाळली, बादल्या भरल्या. कौस्तुभने तिला विचारले की साईराज कोठे आहे. तिने सांगितले, घरी आहे. त्याने पुन्हा विचारले नाही. मधल्या सुट्टीत एका नव्या मुलीला आईची आठवण येऊन रडू फुटले. गोदूबाईने तिला मांडीवर घेतले आणि तिच्या केसांतून हात फिरवत बसली; मूल शांत झाले, तरी तिला ते खाली ठेवता येईना.

असो. ज्याचे त्याचे कर्म जो तो जाणे. त्या बालकाला कोणी प्रेमाने साद घातली, तर ती प्रेमाचीच आहे असे त्याला पुन्हा एकदा निःशंकपणे वाटो. त्याच्या मातेचा घास त्याच्या मुखी लागो. सुचेताबाईंना उघडपणे नाही म्हणण्याचे धैर्य लाभो. ते मिळाले तर त्यांच्या हातून पुष्कळ चांगले घडेल. आणि त्या वृद्ध स्त्रीला, जी जन्मभर पुरीच पडत आली, एखाद्या दिवशी कोणाला पुरे न पडताही शांत झोप येवो.